भेगाळ चुनखडक आणि आम्लाची वाट

जगातील खनिज तेलाच्या ज्ञात साठ्यांपैकी निम्म्याहून अधिक साठा ज्या खडकांत आहे, ते कार्बोनेट खडक, म्हणजे चुनखडक आणि त्याचा मॅग्नेशियमयुक्त भाऊबंद डोलोमाइट, हे भूगर्भशास्त्रज्ञाला जितके प्रिय तितकेच तेल-अभियंत्याला मनस्ताप देणारे आहेत. कारण वालुकाश्म हा कणाकणांनी रचलेला, म्हणून पुष्कळसा एकजिनसी आणि अंदाजाला बऱ्यापैकी बधणारा खडक असला, तरी चुनखडकाचे तसे नाही. प्राचीन उथळ समुद्रांत शिंपले, प्रवाळ, शैवले आणि सूक्ष्म जीवांची कवचे साचून तो तयार झाला. पुढे झिरपत्या पाण्याने तो कोठे विरघळला, कोठे पुन्हा स्फटिकांनी भरून निघाला, भूकवचाच्या हालचालींनी वाकला आणि वाकताना तडकला. आणि या साऱ्या घडामोडींच्या खुणा त्याच्या अंगावर कायम राहिल्यामुळे एकाच थरातील हातभर अंतरावरचे दोन तुकडे परस्परांशी नाते सांगेनात, असा प्रकार होतो.

त्याचा एक स्वभावधर्म मात्र सर्वत्र सारखा आहे. आम्लापुढे तो टिकत नाही. ज्या घरात कडप्प्याचा ओटा आहे, त्या घरातील गृहिणीला हे रसायनशास्त्र न शिकताही ठाऊक असते. कारण कडप्पा हा काळा चुनखडकच असून, त्यावर लिंबाची फोड रात्रभर उपडी राहिली की सकाळी तकाकी उडालेला पांढुरका डाग दिसतो, आणि तो कितीही घासला तरी निघत नाही, कारण तो वरून लागलेला डाग नसून तेवढा दगडच झिजलेला असतो. भूगर्भशास्त्रज्ञ डोंगर धुंडाळावयास निघताना सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची कुपी जवळ बाळगतो तीही याचसाठी. थेंब पडताच खडक जोमाने फसफसला तर चुनखडक, आणि चूर्ण केल्यावरच फसफसू लागला तर बहुधा डोलोमाइट. तेलविहिरींना आम्ल देण्याचा सगळा उद्योग या फसफसण्यावर उभा आहे. आणि खडक भेगाळ असून त्यात पाण्याचा उपद्रव सुरू झाला म्हणजे हाच उद्योग किती नाजूक होऊन बसतो, ते या प्रकरणात पाहावयाचे आहे.

भेगाळ चुनखडकात दोन निरनिराळ्या व्यवस्था एकत्र नांदत असतात. तेलाचा फार मोठा भाग मूळ खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत भरलेला असतो. परंतु या छिद्रांना जोडणाऱ्या वाटा इतक्या अरुंद असतात की त्या खडकाची पार्यता, म्हणजे द्रवाला आपल्यातून वाहू देण्याची क्षमता, पुष्कळदा १ ते १० मिलिडार्सींच्या पुढे जात नाही. भेगांचे नेमके उलट आहे. त्यांच्या पोकळीत साठा अगदी थोडा मावतो, पण वहनाचा सारा कारभार त्यांच्याच हाती असतो. हा अधिकार किती मोठा आहे याची कल्पना साध्या गणिताने येईल. दोन सपाट भिंतींमधून वाहणारा प्रवाह त्या भिंतींमधील अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, या नियमाने हिशेब केला, तर केवळ ०.१ मिलिमीटर रुंदीची, म्हणजे जेमतेम कागदाच्या जाडीची एक भेग १० मिलिडार्सी पार्यतेच्या आठ मीटरांहून अधिक जाड थराइतका द्रव वाहून नेते. आणि तीच भेग दुप्पट रुंद झाली, तर तिची बरोबरी करावयास तसल्या खडकाचा सुमारे ६७ मीटर जाडीचा थर लागेल. हा घनाचा नियम वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सारे सुख आणि दुःख त्यातूनच निघते.

त्यातील सुखाचा अनुभव तेलउद्योगाला प्रथम आला. इराणच्या नैर्ऋत्येकडील डोंगरांत मस्जिद सुलेमान येथे जॉर्ज रेनॉल्ड्स याच्या देखरेखीखाली खोदल्या जाणाऱ्या विहिरीतून २६ मे १९०८ रोजी, १,१८० फूट खोलीवर, तेलाचा लोट उसळला, आणि मध्यपूर्वेच्या तेलाचे युग सुरू झाले. ते तेल ज्या अस्मारी चुनखडकात होते, त्याचे वाकलेले थर भेगांनी असे पिंजून गेलेले होते की एकेका विहिरीने भोवतालच्या विस्तीर्ण प्रदेशातील तेल ओढून घ्यावे. मेक्सिकोच्या आखाताकाठी टक्सपनच्या परिसरात जो पट्टा पुढे ‘सोनेरी पट्टा’ म्हणून गाजला, तेथील चुनखडक तर भेगांच्या जोडीला गुहांसारख्या पोकळ्यांनीही भरलेला होता. सेरो आसुल येथील चौथ्या क्रमांकाची विहीर १९१६ च्या फेब्रुवारीत लागली तेव्हा तिने दिवसाला सुमारे २,६०,००० पिंपे तेल आकाशात उधळले, आणि १९२१ साली अमेरिकेच्या खालोखाल जगात दुसरा क्रमांक मेक्सिकोचा होता.

दुःखाची कैफियतही याच पट्ट्याची आहे. ज्या मोकळ्या वाटांनी तेल इतक्या उदारपणे वर आले, त्याच वाटांनी त्याच्या पाठोपाठ खारे पाणी आले. आणि ते हळूहळू, काही वर्षांची मुदत देऊन न येता विहिरीमागून विहिरीत अकस्मात शिरले. कालपर्यंत शुद्ध तेल देणारी विहीर थोड्याच अवधीत खाऱ्या पाण्याची होई, आणि तिच्या मालकापाशी पश्चात्तापाखेरीज काही उरत नसे. १९२० नंतरच्या दशकात मेक्सिकोचे उत्पादन जे घसरले, त्याला राजकीय कारणेही होती. तथापि सोनेरी पट्ट्यातील पाणी हे त्यांतील एक प्रमुख कारण होते.

असे का होते? साठ्यात तेल वर आणि पाणी खाली, अशी गुरुत्वाकर्षणाने केलेली वाटणी असते. विहिरीतून तेल उपसू लागले की तिच्या तळाशी दाब कमी होतो, आणि त्या कमी दाबाकडे तेलाबरोबर खालचे पाणीही शंकूच्या आकाराने उचलले जाते. एकजिनसी खडकात हा शंकू सावकाश चढतो आणि उपसा कमी केल्यास काही अंशी खाली बसतोही. परंतु उभी भेग तेल-पाण्याची हद्द ओलांडून खाली गेलेली असेल, तर शंकूची वाट पाहण्याचे पाण्याला कारणच उरत नाही. त्यातून चुनखडकाच्या छिद्रांच्या भिंतींना पुष्कळदा पाण्यापेक्षा तेलाचा ओढा अधिक असतो, त्यामुळे भेगेत आलेले पाणी बाजूच्या खडकात शिरून तेथील तेल बाहेर ढकलीत नाही, ते सरळ विहीर गाठते. याउलट नॉर्वेच्या समुद्रातील एकोफिस्क या १९६९ साली सापडलेल्या क्षेत्राचा दाखला देता येईल. तेथील खडूचा खडकही भेगाळच, पण तो पाणी आपखुशीने शोषून घेणारा असल्याने १९८७ पासून त्यात मुद्दाम पाणी सोडून तेलाचे उत्पादन वाढविता आले. म्हणजे भेगा त्याच आणि पाणीही तेच. भिंतींचा कल तेवढा निराळा.

विहिरीत पाणी येऊ लागले म्हणजे नुसते तेल कमी होते असे नाही. पाणी तेलाहून जड असल्याने विहिरीतील द्रवाचा स्तंभ जड होतो, आणि स्वतःच्या दाबाने वाहणारी विहीर एक दिवस तो स्तंभ उचलेनाशी होऊन ‘मरते’. वर आलेले पाणी तेलापासून वेगळे करावे लागते, स्वच्छ करावे लागते, पुन्हा जमिनीत सोडण्याची तजवीज करावी लागते. ते नळ्यांना गंज चढविते आणि त्यांच्या आत क्षारांचे थर बसविते. निघणाऱ्या एकूण द्रवात पाण्याचा वाटा किती, या शेकडेवारीला तेलक्षेत्रावर ‘वॉटर कट’ म्हणतात, आणि जमाखर्चाच्या वहीत अखेरच्या ओळीइतकेच याही आकड्याकडे लक्ष ठेवले जाते.

आता आम्लाकडे वळू. विहिरीत आम्ल ओतून चुनखडक मोकळा करावा, ही कल्पना अमेरिकेत ओहायो राज्यातील लिमा येथील तेल शुद्धीकरण कारखान्याशी संबंधित दोन गृहस्थांची. जर्मनीत जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ हर्मन फ्राश याने हायड्रोक्लोरिक आम्लाचे, आणि जॉन व्हॅन डाइक याने गंधकाम्लाचे पेटंट १८९६ साली मिळविले. दोहोंतला फरक क्षुल्लक वाटला तरी निर्णायक होता. गंधकाम्ल चुनखडकावर पडले की कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम तयार होते, ते पाण्यात फारसे विरघळत नाही आणि ज्या वाटा मोकळ्या करावयाच्या त्याच बुजवून टाकते. उलट हायड्रोक्लोरिक आम्लातून कॅल्शियम क्लोराइड, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड एवढीच निष्पत्ती होते व ती विहिरीबाहेर काढता येते. फ्राशची कल्पना सर्वस्वी बरोबर होती. पण आम्ल दगडाबरोबर पोलादी नळ्याही खाई, आणि त्यामुळे हा मार्ग तीसएक वर्षे जवळजवळ टाकून दिल्यासारखा झाला. मिशिगनमध्ये डाऊ केमिकल कंपनीने आर्सेनिकच्या संयुगाने आम्लाला पोलादापुरते आवरण्याची युक्ती काढली, आणि ११ फेब्रुवारी १९३२ रोजी प्युअर ऑइल कंपनीच्या एका निकामी विहिरीत असे ५०० गॅलन आम्ल सोडले, तेव्हा ती विहीर दिवसाला १६ पिंपे तेल देऊ लागली. आकडा आज हास्यास्पद वाटेल. तरी त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात डाऊने केवळ या कामासाठी डॉवेल नावाची स्वतंत्र कंपनी काढली, एवढे त्याचे वजन होते.

आम्लाचे कार्य मुळात किती असते? नेहमीच्या वापरातील १५ टक्के तीव्रतेचे एक घनमीटर हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे २२० किलो चुनखडक विरघळविते, म्हणजे जेमतेम ८० लिटर आकारमानाचा दगड नाहीसा करते. हे आम्ल विहिरीभोवती सर्व बाजूंनी सारखे पसरले, तर त्याने विहिरीचा घेर थोडासा रुंद होण्यापलीकडे काही साधणार नाही. सुदैवाने ते तसे पसरत नाही. खडकात ज्या ठिकाणी छिद्र किंचित मोठे असते तेथे आम्ल थोडे अधिक शिरते, अधिक शिरल्याने ते छिद्र आणखी मोठे होते, आणि अशा रीतीने बाकीच्या छिद्रांना मागे टाकून एखादीच नळीसारखी वाट खडकात नागमोडी वळणे घेत खोलवर जाते. अशा वाटांना या व्यवसायात ‘वर्महोल’ म्हणतात. आम्ल फार सावकाश सोडले तर ते विहिरीच्या भिंतीवरच खर्ची पडते, फार वेगाने सोडले तर वाटांना असंख्य फाटे फुटून ते आखूड राहतात. या दोहोंच्या मधला एक वेग असा असतो की थोडक्या आम्लात वाट सर्वांत लांब जाते, आणि तो वेग त्या त्या खडकाच्या नमुन्यावर प्रयोगशाळेत अजमावून पाहावा लागतो.

भेगाळ साठ्यात आम्ल देण्याचे प्रयोजन बहुधा नव्या वाटा पाडण्याचे नसून जुन्या साफ करण्याचे असते. विहीर खोदताना जो चिखल आत खेळविला जातो, तो भेगांमध्ये शिरून बसतो, आणि ज्या भेगांच्या भरवशावर विहीर खोदली त्याच बुजतात. त्यांची तोंडे आम्लाने धुऊन काढावी, हा हेतू रास्तच आहे. परंतु विहिरीच्या उघड्या भागात तेलाच्या भेगांबरोबर पाण्याचीही एखादी भेग असेल, तर आम्ल कोठे जाईल?

ते पाण्याकडे जाईल, आणि याला कारणे एकाहून अधिक आहेत. पाणी देणारी भेग बहुधा सर्वांत रुंद आणि सर्वांत स्वच्छ असते, म्हणून अवरोध तिच्यातच सर्वांत कमी. दुसरे असे की आम्ल हे स्वतः नऊ-दशांशांच्या आसपास पाणीच असते. जेथे पाणी भरलेले आहे तेथे ते आपल्या जातभाईंत सहज मिसळून पुढे सरकते, आणि जेथे तेल आहे तेथे त्याला आपल्याहून दाट अशा परक्या द्रवाला रेटीत जावे लागते. तिसरे, तेलाचा लेप बसलेल्या दगडाला आम्लाचा स्पर्शच नीट होत नाही, उलट पाण्याने भिजलेला दगड त्याला पुरता उघडा सापडतो. आणि एकदा ते पाण्याच्या भेगेत शिरले की घनाचा नियम अंमल चालवू लागतो : भेग थोडी रुंदावली, प्रवाह पुष्कळ वाढला, म्हणून पुढचे आम्लही तिकडेच ओढले गेले, म्हणून ती आणखी रुंदावली. ज्या विहिरीला उपचार म्हणून आम्ल दिले, तिच्यातील पाण्यालाच अशा रीतीने राजमार्गाची सनद मिळते.

हा अनर्थ कामाच्या वेळी ओळखता येतो, आणि तो कसा, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. आम्ल ज्या नळीतून खाली जाते, तिच्या तोंडाशी दाबमापक बसविलेला असून त्याचा आलेख क्षणाक्षणाला उमटत असतो. प्रथम साधे खारे पाणी सोडून विहीर कोणत्या दाबाला किती द्रव घेते ते टिपून ठेवतात. मग आम्ल निघते. ते नळी भरून खडकापाशी पोहोचण्याच्या सुमारास सर्वांच्या नजरा त्या आलेखावर खिळलेल्या असतात, कारण आम्ल दगडाला लागले की रेघ उतरू लागते. ती टप्प्याटप्प्याने, अडखळत उतरली तर एकेक बुजलेली भेग उघडत आहे असे समजावे. पण ती एकाएकी तळाला गेली, आणि विहीर दाबाशिवायच, जणू तोंड लावून ओढून घेतल्याप्रमाणे, आम्ल गिळू लागली, तर जाणता माणूस पंप थांबवून पुढचे आम्ल राखून ठेवतो. कारण ते एखाद्या मोठ्या भेगेत, आणि बहुधा नको त्या भेगेत, चालले आहे. पुढे विहीर वाहती केल्यावर जो खर्ची पडलेला द्रव बाहेर येतो, त्याचे नमुने ठरावीक वेळाने घेऊन त्यातील उरलेली आम्लता, क्षार आणि लोह मोजतात. क्षारांचे प्रमाण साठ्याखालच्या पाण्याशी जुळत गेले, तर झालेल्या नुकसानीचा तो लेखी पुरावाच होय.

म्हणून या विद्येतील खरे चातुर्य आम्लाच्या तीव्रतेत किंवा पंपाच्या ताकदीत नसून, त्याला नको तिकडे जाऊ न देण्याच्या बंदोबस्तात आहे. त्याची पहिली पायरी निदानाची. विहिरीत उपकरण उतरवून कोणत्या खोलीवर तेल शिरते आणि कोणत्या खोलीवर पाणी, याचे मोजमाप आधी झाले पाहिजे. पाणी विहिरीच्या तळच्या भागातच येत असेल, तर तेथे सिमेंटचा बूच मारून किंवा रबरी पॅकर फुगवून तो भाग अलग करावा आणि वरच्या भागालाच आम्ल द्यावे, हा सर्वांत सरळ आणि सर्वांत भरवशाचा उपाय. पण तेल आणि पाणी देणाऱ्या भेगा एकमेकींत गुंतलेल्या असल्या म्हणजे यांत्रिक उपाय लुळा पडतो, आणि मग रसायनांचा आश्रय घ्यावा लागतो.

त्यांपैकी एक उपाय म्हणजे आम्लाच्या आधी पाण्याच्या भेगेत पॉलिअ‍ॅक्रिलामाइडसारखे बहुवारिक आणि त्याची साखळी बांधणारे क्रोमियमचे संयुग यांचे पातळ मिश्रण सोडणे; ते भेगेत शिरताना पाण्यासारखे वाहते आणि काही काळाने आत घट्ट गोठते. येथेही रुंद भेगच ते आधी गिळते, म्हणजे पाण्याचाच स्वार्थ पाण्यावर उलटविला जातो. तथापि मात्रा चुकली तर तेलाच्या भेगाही कायमच्या बंद होतात. याहून सौम्य अशी काही बहुवारिके खडकाच्या छिद्रांना चिकटून पाण्याचा प्रवाह तेलापेक्षा अधिक अडवितात. मूळ खडकात ती उपयोगी पडतात, पण रुंद भेगेत त्यांचा पातळ थर भिंतीलाच राहतो आणि मधून पाणी खुशाल वाहते. फेस, आणि कालांतराने विरघळून जाणारे कण, यांनीही तात्पुरता अडथळा उभा करतात.

या सर्वांत बुद्धीला सुखविणारा उपाय म्हणजे स्वतःची वाट स्वतः बदलणारे आम्ल. त्यात एक विशिष्ट पृष्ठक्रियाकारी द्रव्य मिसळलेले असते. आम्ल ताजे असताना ते पाण्यासारखे पातळ असते. पण दगड विरघळवून आम्लता खर्ची पडू लागली आणि कॅल्शियमचे क्षार तयार झाले की त्या द्रव्याचे रेणू एकत्र येऊन लांब, परस्परांत गुंतणारे धागे बनवितात आणि तो द्रव जागच्या जागी दाट होतो. मागून येणाऱ्या ताज्या आम्लाला ती वाट बंद दिसते, म्हणून ते दुसरीकडे वळते. पुढे विहीर वाहती केली की जेथे तेल आहे तेथे तेलाच्या स्पर्शाने हे धागे मोडून द्रव पुन्हा पातळ होतो आणि वाट उघडते. जेथे पाणी आहे तेथे धागे बराच काळ टिकतात आणि अडथळा तसाच राहतो. तेलाला मोकळीक आणि पाण्याला मज्जाव, हा भेद येथे रसायनच करते. तरीही कित्येक मिलिमीटर रुंदीच्या भेगेत, जेथे प्रवाहाचा लोटच प्रचंड, तेथे या धाग्यांचाही टिकाव लागत नाही, हे विसरून चालणार नाही.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर अरबी समुद्रात ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या फलाटाने १९७४ च्या फेब्रुवारीत ज्या ‘बॉम्बे हाय’ क्षेत्राचा शोध लावला आणि २१ मे १९७६ पासून ज्याचे उत्पादन सुरू झाले, त्याचा मुख्य साठा एल-३ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, मायोसीन काळातील चुनखडकात आहे. तो मस्जिद सुलेमानप्रमाणे मोठ्या भेगांचा साठा नव्हे. शेल खडकाच्या पातळ पडद्यांनी विभागलेले चुनखडकाचे अनेक थर, आणि त्यांत जागोजाग विरघळून झालेल्या पोकळ्या, अशी त्याची रचना आहे. साठ्याचा दाब टिकविण्यासाठी १९८४ पासून त्यात समुद्राचे पाणी सोडण्यात येऊ लागले, आणि अधिक पार्यतेच्या थरांतून ते पाणी उत्पादक विहिरींकडे लवकर पोहोचणे हे ओघानेच आले. चुनखडकातील विहिरींना आम्ल देणे हे तेथील नित्याचे काम असल्यामुळे, कोणत्या थराला द्यावे आणि कोणत्याला देऊ नये, हा प्रश्न उरणला येणाऱ्या तेलाच्या हिशेबाशी थेट निगडित आहे.

या हिशेबात एक फसगत नेहमी संभवते. समजा, एखादी विहीर दिवसाला १,००० पिंपे द्रव देते आणि त्यात ६० टक्के पाणी आहे, म्हणजे तेल ४०० पिंपे. आम्ल दिल्यावर द्रव दुप्पट, २,००० पिंपे झाला, पण पाणी ८५ टक्क्यांवर गेले, तर तेल ३०० पिंपेच राहिले. द्रवाचा आकडा पाहून कामगिरी फत्ते झाली असा अहवाल लिहिता येईल. वस्तुतः १०० पिंपे तेल गमावले आणि १,७०० पिंपे पाण्याची विल्हेवाट लावण्याचा रोजचा खर्च मात्र पदरी आला. म्हणून अशा साठ्यात क्रम उलटा चालत नाही : आधी पाणी कोठून येते ते शोधावे, मग ती वाट अडवावी, आणि त्यानंतरच आम्लाचा विचार करावा. शोध लागला नाही किंवा वाट अडविता आली नाही, तर त्या विहिरीला आम्ल न देणे हाही एक तांत्रिक निर्णय असून, तो कारणांसह नोंदवून ठेवणाऱ्या अभियंत्याने त्या दिवशी आपले काम पुरे केले, असेच मानले पाहिजे.